बांधलेला दांडा

बागेत सगळे त्याला 'दोनशे' म्हणत. हजेरीपटावर त्याचं वेगळं नाव होतं, पण ते वर्षातून एकदा, ओळखपत्र नवं करून घेतानाच कुणाच्या तोंडी येई. एरवी "दोनशे कुठंय?" आणि "दोनशे शेडमध्ये आहे" एवढ्यावर सगळ्यांचं भागायचं.

नावाचं कारण साधं होतं. बागेच्या मागच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली, फांद्यांच्या ढलप्या करणारं एक मशीन होतं आणि गेली बावीस वर्षं ते तोच चालवत होता. छाटलेल्या फांद्या मशीनच्या पसरट तोंडात सारायच्या. आतले दोन दातेरी रूळ त्या ओढून घेत, रुळांमागे फिरणाऱ्या जड ढोलावरची पाती त्यांचे तुकडे करत, आणि एका वाकड्या नळीतून, जिला सगळे धुराडं म्हणत, ढलप्या पलीकडच्या ढिगावर पडत. इंजिन बंद केलं म्हणून तो ढोल लगेच थांबत नाही. त्याच्या अंगात वेग असतो आणि तो उतरायला वेळ लागतो. दीड मिनिट पुरतं. पण हा गडी किल्ली काढून खिशात टाकायचा, हात पाठीमागे घ्यायचा आणि मोठ्यानं मोजायला लागायचा. पाती बघायची असोत, अडकलेली साल काढायची असो, नाहीतर नुसतं झाकण पुसायचं असो, दोनशे झाल्याशिवाय झाकणाला बोट लावायचा नाही आणि लावू द्यायचा नाही.

"अहो, कधीच थांबला की तो," एखादा माळी म्हणायचा.

"एकशे बारा," दोनशे म्हणायचा. "एकशे तेरा."

"तिकडे आमचं जेवण निवलं."

"एकशे चौदा. निवू दे. एकशे पंधरा."

नवीन आलेल्या माणसाला जुने लोक बाजूला घेऊन सांगत, की याच्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याचा हात याच मशीनमध्ये गेला आणि तेव्हापासून हा मोजतो. ऐकणारा वरमायचा. दोनशे ते खोडून काढत नसे. खरं तर त्या मोजण्याचा आणि त्या अपघाताचा काडीचाही संबंध नव्हता. दाजींचा हात गेला तेव्हा इंजिन चालू होतं, ढोल पूर्ण वेगात होता, आणि मोजण्यासारखं काहीच नव्हतं. पण ढोल थांबताना त्याचा आवाज उतरत उतरत माणसाच्या आवाजाइतका खाली यायचा, आणि त्या पट्टीत आला की दोनशेला त्यात एक शब्द ऐकू यायचा. मोठ्यानं मोजलं की तो शब्द दबायचा. मोजण्याचं कारण इतकंच होतं.

शब्द होता 'दांडा'.

एकोणीस वर्षांपूर्वी एका वादळानं बागेतली साठ-सत्तर झाडं मोडली होती. मागच्या आवारात फांद्यांचा ढीग शेडच्या वर गेला होता. दोनशे तेव्हा नुसता मशीनवाला होता, आणि जोडीला दाजी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दोघे एकाच बागेत नोकरीला, एकाच मशीनवर. एकानं फांद्या सारायच्या, दुसऱ्यानं धुराड्यापाशी ढलप्या ओढायच्या, आणि जेवणानंतर अदलाबदल.

त्या मशीनच्या तोंडाशी, माणसाच्या कमरेच्या उंचीवर, एक लाल दांडा होता. कपडा अडकला, हात ओढला गेला, तर दुसरा हात मोकळा नसला तरी कमरेनं तो दांडा ढकलायचा, की रूळ जागच्या जागी थांबतात. सोय चांगली होती, पण फाटे फुटलेली फांदी आत सारली की एखादा फाटा दांड्याला लागायचा आणि रूळ उगाच थांबायचे. मग दांडा मागे ओढा, रूळ पुन्हा सुरू करा, आणि पुढची फांदी पुन्हा तेच करणार. ढीग काही कमी होईना. म्हणून त्या पंधरवड्यात दोघांनी एक उद्योग केला. वीतभर तारेनं दांडा चौकटीला बांधून टाकायचा. सकाळी आधी येईल त्यानं बांधायचा, संध्याकाळी साहेबांच्या फेरीआधी कुणीतरी सोडायचा. याबद्दल कुणी कुणाला विचारायचं नाही.

बाराव्या दिवशी संध्याकाळी दाजींच्या बाहीला एका काटकीनं ओढ दिली. बाही फाटली, निभावलं. पण दाजी घामाघूम झाले होते. त्यांनी स्वतः तार सोडली आणि म्हणाले, "पुरे झालं हे. उद्यापासून दांडा बांधायचा नाही. ढीग संपायला महिना लागू दे."

"बरं," दोनशे म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी ताईची दाढ ठणकत होती, म्हणून दाजी तिला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले आणि दहाच्या पुढे कामावर आले. दोनशे आठला आला होता. एकटा होता. पहिल्या अर्ध्या तासात रूळ तीस वेळा थांबले. शेवटी त्यानं तार उचलली, दांडा बांधला आणि मनाशी म्हटलं, दाजी आले की सोडू. दाजी आले, हसत आले, डॉक्टरनं ताईला अर्धा तास तोंड उघडं ठेवायला लावलं त्याची नक्कल करत आले. दोनशे हसला आणि सांगायचं विसरला.

जेवणानंतर दाजी तोंडाशी उभे राहिले आणि तो धुराड्यापाशी गेला. तासाभरानं आवाज बदलला. त्यानं मान वर केली तेव्हा दाजींचा उजवा हात मनगटापर्यंत आत होता आणि ते कमरेनं दांड्यावर धक्के देत होते. एक धक्का, मग दुसरा. बरोबर शिकवल्यासारखे. दांडा हलत नव्हता. तो धावला, किल्ली फिरवली, हातानं रूळ उलटे फिरवले. दाजी त्याच्याकडे बघत "दांडा... दांडा..." म्हणाले, मागे कोसळले, आणि त्यांचं डोकं ट्रॉलीच्या कडेवर आपटलं.

तीन बोटं आणि अर्धा पंजा गेला. डोक्याला लागल्यानं दाजींच्या आठवणीतून आदल्या दिवसापासूनचं सगळं पुसलं गेलं. चौकशी झाली. चौकशीला आलेल्या साहेबांनी तार बोटात धरून विचारलं, "ही कुणी बांधली?" दोनशे म्हणाला, "लक्षात नाही." मग ते इस्पितळात गेले. दाजींनी विचार केला आणि म्हणाले, "मीच बांधली असेल साहेब. मला घाई फार." अहवालात तसंच लिहिलं गेलं. दाजींना बागेच्या फाटकावर बसवलं आणि ते तिथूनच, तीन वर्षांपूर्वी, निवृत्त झाले.

दाजी हसरा माणूस. "आता सात बोटं उरली," ते फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आठवड्याचे वार मोजायला बरोबर पुरतात." ताईची जीभ मात्र तिखट. बरणीचं झाकण घट्ट बसलं, गाठोडं बांधायचं असलं, दाराची कडी अडली, की ती म्हणायची, "स्वतःच्या हातानं स्वतःचा हात घालवला. आता आणा तो पान्हा." दाजी मान हलवायचे. "खरं आहे बाई. अक्कल गहाण पडली होती." हे बोलणं दोनशे एकोणीस वर्षं ऐकत आला होता. कधी समोर बसून, कधी चहाचा कप हातात धरून. दर वेळी तो चहाचा घोट घ्यायचा.

त्या दिवशीच्या ढलप्यांचा ढीग दुसऱ्या दिवशीही तसाच पडून होता. त्याला हात लावायला कुणी धजेना. दोनशेनं एकट्यानं तो ट्रॉलीत भरला. फावड्यानं भरला नाही, ओंजळीनं भरला. सकाळपासून दुपारपर्यंत भरत होता. जे शोधत होता ते सापडलं नाही. शेवटी सगळ्या ढलप्या त्यानं मागच्या भिंतीलगतच्या लांब वाफ्यात पसरल्या आणि वर कर्दळ लावली. कर्दळ फोफावली. इतर वाफ्यांतली फुलं येत-जात, ही बाराही महिने लालभडक. माळी म्हणायचे, "दोनशेचा हात चांगला आहे कर्दळीला." त्या वाफ्यात तो कुणाला कुदळ घालू द्यायचा नाही, आणि स्वतः त्या बाजूनं जाताना दुसरीकडे तोंड करून चालायचा.

घरीही सुटका नव्हती. त्याच्या बायकोला एक सवय होती. दोन्ही हातांत ताटं असली की ती कपाटाचं दार कमरेनं ढकलून लावायची. एक धक्का, नीट बसलं नाही तर दुसरा. लग्नाला तीस वर्षं होऊनही तिला कळलं नव्हतं की हा माणूस त्या वेळी जेवण सोडून गॅलरीत का जातो. "वारा घ्यायला," तो सांगायचा. थंडीतही वारा घ्यायला.

मशीनचा दांडा त्यानं दर वर्षी नव्यानं रंगवला. तार घासून त्याच्यावर दोन बारीक खाचा पडल्या होत्या. रंगाचे एकोणीस थर बसले तरी त्या बुजल्या नव्हत्या. उन्हात बघितलं तर दिसत नसत, पण बोट फिरवलं की लागत.

निवृत्तीला सात महिने राहिले असताना उद्यान अधिकारी मॅडमनी त्याला बोलावलं. बाई तरुण, कामसू. टेबलावर नव्या मशीनची माहितीपत्रकं होती.

"तीन बागांना तीन नवी मशीनं येतायत," मॅडम म्हणाल्या. "सगळ्या माळ्यांना एक दिवस शिकवायचंय. तुमच्याशिवाय कोण शिकवणार? एकोणीस वर्षांत तुमच्या मशीनवर कुणाला खरचटलंसुद्धा नाही."

"शिकवतो मॅडम."

"आणि अजून एक. तुमचे ते दाजी. त्यांना पण बोलवू या. दांडा बांधला की काय होतं ते त्यांनी स्वतः सांगितलं, हात दाखवला, तर आयुष्यात कुणी बांधणार नाही. मी दहा पानं वाचून दाखवली तरी तेवढा उपयोग नाही. ते येतील ना?"

दोनशेनं टेबलावरचं एक माहितीपत्रक उचललं, पुन्हा ठेवलं. "त्यांना बरं वाटणार नाही बहुतेक."

"मी फोन केला होता सकाळी. ते तर एका पायावर तयार झाले!"

ते खरंच तयार झाले होते. संध्याकाळी दोनशे ताईकडे गेला तेव्हा दाजींनी शर्टाला इस्त्री करायला घेतली होती. कार्यक्रमाला अजून आठ दिवस होते.

"ये मेव्हण्या! ऐकलंस? भाषण आहे माझं."

"भाषण म्हणे," ताई आतून म्हणाली. "मूर्खपणा कसा करावा, यावर. यांच्याइतका अनुभव कुणाला आहे?"

"बघ, हिला सुद्धा कौतुक आहे." दाजींनी इस्त्री बाजूला ठेवली आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू? फाटकावर बसलो सोळा वर्षं. लोक हाताकडे बघायचे आणि नजर चोरायचे. आता तीस जणांसमोर उभं राहून सांगायचं, की बाबांनो, मी गाढवपणा केला, तुम्ही करू नका. कशाला तरी उपयोगी पडला म्हणायचा हा हात."

दोनशेनं तोंड उघडलं. दाजी त्याच्याकडे इतक्या आनंदानं बघत होते की ते पुन्हा मिटलं. आठ दिवस आहेत, त्यानं मनाशी म्हटलं. उद्या सांगू. मग परवा. सहाव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, की एकोणीस वर्षांपूर्वी त्या सकाळीसुद्धा तो असंच काहीतरी म्हणाला होता, दाजी आले की सोडू. त्यानंतर मशीनजवळ उभं राहून त्यानं दोनशेपर्यंत मोजलं तरी तो शब्द दबेना.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी दहाला मागच्या आवारात तीसेक माळी जमले. काही बाया, काही पुरुष, दोन बागांचे मुकादम. नवं मशीन चकचकीत होतं, पण शिकवायला दोनशेनं जुनंच घेतलं.

शिकवताना तो वेगळाच माणूस होता. बांगड्या, साखळी, गळ्यातला रुमाल आधी काढायला लावला. ढगळ बाही वर दुमडून पिन लावायला लावली. "हातमोजा हाताबरोबर घट्ट हवा. सैल मोजा म्हणजे मशीनला दिलेलं हँडल." मग किल्ली काढून खिशात टाकली, दोनशे मोजले, तेही तीस लोकांसमोर, आणि कुणी हसलं नाही. झाकण उघडून आधी ढोलाला खीळ घातली. "खीळ घातल्याशिवाय पात्याला हात नाही. बंद मशीनचा ढोलसुद्धा हातानं फिरतो आणि पातं बंद मशीनमध्येही तितकंच धारदार असतं." पात्यांचे बोल्ट पान्यानं तपासून दाखवले. फिरतं पातं आणि चौकटीला घट्ट बसवलेलं पातं यांच्यात जाड पुठ्ठ्याएवढी फट हवी, ती पुठ्ठा घालूनच दाखवली. "धार गेली की मशीन फांदी कापत नाही, चावतं. धुराड्यातून ढलप्यांऐवजी काथ्या यायला लागला की समजा. जोर लावू नका, थांबा, पाती काढा." फांदी जाड बुंध्याकडून घालायची, घालून बाजूला सरकायचं, समोर उभं राहायचं नाही. शेवटचे आखूड तुकडे लांब काठीनं ढकलायचे.

"पायानं ढकलले तर?" एका मुकादमानं विचारलं.

"मग एक बूट घेऊन घरी जायचं."

हशा पिकला. मॅडमही हसल्या. मग त्या म्हणाल्या, "आता लाल दांडा." आणि खुर्चीवर बसलेल्या दाजींकडे बघितलं.

दाजी उठले. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस. त्यांनी उजवा हात वर केला. पुढची माणसं थोडी मागे सरकली.

"घाबरू नका, चावत नाही," दाजी म्हणाले. "चावायचं काम त्या मशीनचं. तर ऐका. हा दांडा देवासारखा आहे. नाही, देवापेक्षा बरा. लगेच ऐकतो. पण आम्ही काय केलं? त्याचेच हात बांधले. कंटाळा! रूळ थांबतात म्हणून कंटाळा. आणि त्या दिवशी सकाळी ही तार मी माझ्या या हातानं—"

"नाही," दोनशे म्हणाला.

सगळे वळले.

"तार मी बांधली. दाजी तेव्हा आलेही नव्हते. चौकशीत मी खोटं बोललो." तो दांड्यापाशी येऊन उभा राहिला. "दाजींनी नाही, मी."

पत्र्यावर एक वाळकं पान घसरलं तेही ऐकू आलं. त्याला वाटलं, आता काहीतरी होईल. कुणीतरी ओरडेल. दाजी अंगावर येतील.

दाजी हसले. डोळ्यांत पाणी आणून हसले आणि सात बोटांनी त्याचा खांदा धरला.

"बघा! हा माझा मेव्हणा. माझी फजिती याला बघवत नाही. तीस लोकांसमोर माझी लाज राखायला निघालाय. अरे वेड्या, भाषण माझं आहे, तुझं नाही."

"दाजी, खरंच—"

"बस. बस खाली."

"आपल्या माणसाचा दोष स्वतःवर घ्यायला मोठं मन लागतं," मॅडम म्हणाल्या. मागच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनी वाजवल्या. दोनशे टाळ्यांच्या मधोमध उभा होता. इतकी भीती त्याला त्या चौकशीतही वाटली नव्हती. खरं बोलूनही सुटका होणार नाही, अशी काही जागा असते हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं ढोलाकडे बघितलं. ढोल खीळ घालून बंद होता. शब्द तरीही येत होता.

दाजींनी भाषण पूर्ण केलं. फार चांगलं झालं.

संध्याकाळी सहाला तो ताईच्या घराच्या तीन मजल्यांचा जिना चढून गेला. प्रत्येक मजल्यावर उभा राहिला. ताई दारातल्या खुर्चीवर बसून मटार सोलत होती. आतून नळाचं पाणी पडल्याचा आवाज येत होता. दाजी अंघोळीला गेले होते.

"ये," ताई म्हणाली. "मोठ्या मनाचा माणूस. टाळ्या पडल्या म्हणे."

तो समोर बसला. ताईनं एक शेंग फोडली, दाणे भांड्यात टाकले, आणि दुसरी हातात तशीच धरून ठेवली.

"हसत हसत सांगत आले ते. जिन्यातसुद्धा हसत होते. मी नाही हसले. तुझं मला लहानपणापासून माहीत आहे. तू दुसऱ्याचं खापर डोक्यावर घेणारा माणूस नाहीस. बाबांनी मार देऊ नये म्हणून फुटलेला कंदील तू माझ्या नावावर घातला होतास." तिनं वर बघितलं. "नाही म्हण. एकदाच नाही म्हण, मी मटार सोलते. खरं काय?"

तो 'नाही' म्हणू शकला असता. ते घर तसंच राहिलं असतं. दाजी हसत राहिले असते, ताई बोलत राहिली असती, आणि सात महिन्यांनी सगळ्यांनी हार घालून त्याला निरोप दिला असता.

"त्या दिवशी तुझी दाढ दुखत होती," तो म्हणाला. "तुला डॉक्टरकडे नेऊन दाजी दहाला आले. मी आठला मशीन चालू केलं होतं. तार बांधून."

ताईच्या हातातली शेंग तशीच होती. "दहा वाजून गेले होते," ती हळू म्हणाली. "डॉक्टरकडे गर्दी होती. मला आठवतंय." मग म्हणाली, "पण ते सुद्धा बांधायचेच की. कुणाच्या हातची का असेना."

इथेही एक दार उघडं होतं. अर्धं खरं सांगून बाहेर पडता आलं असतं.

"आदल्या दिवशी त्यांनी सोडली होती. मला म्हणाले होते, उद्यापासून बांधायची नाही. मी बरं म्हणालो. ते आल्यावर मी सांगितलं नाही की बांधलीय. त्यांना वाटलं दांडा मोकळा आहे. हात गेला तेव्हा त्यांनी दांडा दाबला, ताई. कमरेनं. दोनदा दाबला. बरोबर दाबला. मी बघितलं. आणि मी कुणालाच सांगितलं नाही."

नळाचा आवाज कधी थांबला ते दोघांनाही कळलं नव्हतं. दाजी आतल्या दारात उभे होते. ओले केस, खांद्यावर पंचा, शर्टाची दोन बटणं लावलेली आणि तिसऱ्यावर डावा हात. ते हसत नव्हते. त्यांचा न हसणारा चेहरा दोनशेनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघितला.

"मी दाबला होता?" दाजींनी विचारलं.

"हो."

"नक्की?"

"दोनदा. दांडा हलला नाही म्हणून तुम्ही माझ्याकडे बघून 'दांडा, दांडा' म्हणालात."

दाजी पलंगाच्या कडेवर बसले. उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिले, एखाद्या परक्या वस्तूकडे बघावं तसे.

"मी रोज सकाळी शर्टाची बटणं लावताना याला एक शिवी देतो," ते म्हणाले. "एकोणीस वर्षं. रोज एक. हिला माहीत नाही. मला वाटायचं, आपल्याला साधा दांडा दाबायची अक्कल झाली नाही." त्यांनी मान वर केली. "आणि आदल्या दिवशी मीच नको म्हणालो होतो?"

"तुम्हीच."

"बघ," दाजी बायकोकडे वळून म्हणाले. "बघ तू."

ताईनं पदर तोंडाला लावला होता. भांडं तिच्या मांडीवरून कधी घसरलं कुणास ठाऊक. दाणे फरशीभर झाले होते आणि कुणी ते उचलत नव्हतं.

दोनशे उठला. पाया पडावं, की काय करावं, त्याला सुचेना. "दाजी, मी—"

"तू जा आता."

"उद्या येऊ?"

"नको."

"मॅडमना मी लेखी देतो. चौकशीचा कागद बदलून—"

"दे. ते तुझं तू बघ. पण इथं येऊ नकोस. मी बोलावीन. बोलावीनच असं नाही." दाजींचा आवाज चढला नव्हता, उलट खूप खाली आला होता. "मला अजून राग आलेला नाही. तो येईल. तेव्हा तू समोर असू नयेस, एवढंच."

तो बाहेर आला. दार त्याच्या मागे लागलं नाही, कुणी लावायला उठलं नाही. तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा राहिला. खाली कुणाच्या तरी घरात रेडिओ चालू होता. मागच्या उघड्या दारातून दाजींचा आवाज आला. ते ताईला सगळं पहिल्यापासून सांगत होते, आपल्यालाच आठवत असल्यासारखं, सावकाश, एकेक गोष्ट जागेवर ठेवत. आदल्या दिवशी मी तार सोडली. मी म्हटलं, पुरे झालं. सकाळी तुला डॉक्टरकडे नेलं. मग हात ओढला गेला आणि मी दांडा दाबला.

"दाबला होता मी," दाजी म्हणाले. "ऐकतेयस ना?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ऐकतेय," ती म्हणाली. "अजून एकदा सांगा."

दाजींनी पुन्हा सुरुवात केली. दोनशे कठड्याला धरून उभाच राहिला.